सुपाएवढा दर्या

आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर. नावात दर्या आहे खरा, पण तो वऱ्हाडच्या इमादशाहीतल्या दर्या इमादशहाचा, असं सांगतात. पाण्याचा दर्या इथून रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या पुढं. गंमत अशी की समुद्राचा पत्ता नाही, आणि पाणी मात्र खारं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हा आमचा मुलूख. बोअर मारली तर पाणी लागतं, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर काळी जमीन दगडासारखी होते. प्यायचं पाणी शहानूर धरणावरून नळानं येतं, तेही त्याच्या मर्जीनं. त्यामुळे आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसला तरी खारट म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की या लेखातला सगळ्यात मोठा पुरावा सातवीतल्या एका पोराच्या जिभेनं दिलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी मेळा लागला. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, भेळीच्या गाड्या हे नेहमीचं. यंदाचं आकर्षण होतं ‘पाण्याखालचा बोगदा’. बॅनरवर शार्क, डॉल्फिन आणि एक जलपरी. तिकीट शंभर रुपये, शाळेचं पत्र आणलं तर साठ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पोरं महिनाभर मागं लागली होती. शेवटी अडतीस पोरं, दोन शिक्षक आणि डब्यातल्या भाकरी घेऊन आम्ही एसटीनं गेलो.

बोगदा होता तसा ठीक होता. डोक्यावर काच, काचेपलीकडे पाणी, पाण्यात शेकड्यानं मासे. जलपरी एका पिंपात बसून मोबाइल पाहत होती. पण पोरं अडकली ती बाहेर पडायच्या वाटेवर. तिथं फायबरचं एक उथळ गोल टाकं होतं, तळाला थोडी वाळू आणि त्या वाळूवर ताटाएवढी, तपकिरी, पिवळसर ठिपक्यांची एक चपटी वस्तू. पाटी होती: ‘स्टिंग रे, समुद्रातील विषारी मासा’. त्याखाली दुसरी पाटी, हातानं लिहिलेली: ‘हात लावणे २० रु.’

वाळूतली वस्तू हलली, कडा पदरासारख्या लहरल्या, आणि मागून शेपूट निघालं.

“सर, सुपाले शेपूट आलं!” एक पोरगी ओरडली. त्या जनावराचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

मग मी शिक्षकपणा केला. सांगितलं की हा समुद्रातला मासा, कोकणात याला पाकट म्हणतात, याच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा. हा शार्कचा चुलतभाऊ. तोंड खाली असतं, डोळे वर असतात, म्हणजे जे खातो ते त्याला दिसतच नाही. भक्ष्याच्या अंगातली बारीकशी वीज ओळखून तो त्याला शोधतो. वाळूत पुरून बसला की डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत ओढून श्वास घेतो. पोरं ऐकत होती. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोरानं टाक्यात बोट बुडवलं आणि ते सरळ तोंडात घातलं.

“सर, पाणी तं गोड हाये. आपल्या बोअरीपक्षा गोड हाये.”

मी आधी त्याला रागावलो, कारण अशा पाण्याचं बोट तोंडात घालायचं नसतं. पण त्याच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाक्याशेजारच्या पोऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “समंदर काच है साब, फिल्टर कर के मीठा किया.”

घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडलं. ठिपके, आकार, गोडं पाणी, सगळं जुळत होतं. ते जनावर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधलं होतं: ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना यांच्या खोऱ्यांत राहणारा गोड्या पाण्यातला पाकट. शोभेच्या माशांच्या व्यापारात ‘मोटोरो’ म्हणून विकला जातो. म्हणजे सहाशे किलोमीटरवरचा समुद्र दाखवतो म्हणून आमच्या पोरांना दाखवली होती जगाच्या दुसऱ्या टोकाची नदी. पाटी खोटी होती आणि ती खोटी पाटी मी तोंडानं मोठी करून सांगितली होती.

सोमवारी वर्गात मी चूक कबूल केली. ती कबूल करताना लक्षात आलं की खरी गोष्ट खोट्या पाटीपेक्षा कितीतरी भारी होती. समुद्रातले शार्क आणि पाकट आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात. हो, युरिया, आमच्या घरोघरी पोत्यानं असतो तोच. समुद्राचं खारं पाणी अंगातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून रक्तही तेवढंच दाट ठेवायची ही त्यांची युक्ती. म्हणूनच शार्क किंवा पाकट शिळा झाला की त्याला अमोनियाचा उग्र वास मारतो. पण या नदीतल्या पाकटांनी ती युक्ती सोडून दिली. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून आत आले, गोड्या पाण्यात रुळले आणि युरिया धरून ठेवायची ताकदच गमावून बसले. आता त्यांना समुद्रात सोडलं तर ते जगणार नाहीत. कंबोडियात मेकाँग नदीत २०२२ च्या जून महिन्यात एका कोळ्याच्या गळाला असाच एक नदीतला पाकट लागला. वजन ३०० किलो, लांबी चार मीटरच्या जवळपास. आजवर नोंदलेला गोड्या पाण्यातला सगळ्यात वजनदार मासा तो. त्याला खूण लावून परत नदीत सोडलं. हे सगळं ऐकताना वर्गात जी शांतता होती ती मेळ्यात नव्हती.

आता मूळ मुद्दा. मेळा उठून गेला, पण त्यानंतर आमच्याकडे एक मागणी जोर धरू लागली. शिक्षकांच्या ग्रुपवर, पानटपरीवर, एका सत्कार समारंभातल्या भाषणातही ती ऐकली: जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारनं कायमचं मत्स्यालय बांधावं, बोगद्यासह, समुद्री माशांसह, आणि हो, त्या स्टिंग रेसह. मुंबईच्या पोरांना मिळतं ते विदर्भाच्या पोरांना का नाही? अनुशेषाच्या भाषेत सवाल टाकला की आमच्याकडे विरोध करणं अवघड होऊन बसतं. तरी मी विरोध करतो. आणि तो करताना आधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो. जनावर पिंजऱ्यात ठेवणं हेच मुळात पाप आहे, अशी माझी भूमिका नाही. आम्ही बैल दावणीला बांधतो, पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लावतो आणि दुसऱ्या दिवशी जुवाखाली घालतो. मासे तर खातोच. ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो त्यांनी आमच्या पोरांना ‘प्राण्यांना नैसर्गिक अधिवासात पाहा’ असं सांगणं मला उद्धट वाटतं. कसं पाहणार?

माझा आक्षेप वेगळा आहे. जिवंत जलचर दाखवायला ठेवणं म्हणजे त्याच्या पाण्याची हमी घेणं. ती हमी तिकीटखिडकी उघडी असते तेवढ्यापुरती नसते. रात्री तीन वाजता, मे महिन्यात, सुटीच्या दिवशी, निधी संपल्यावरही ती चालू असते. आमच्या भागात अशी हमी आज कोणी देऊ शकत नाही, आणि पाकट हे जनावर तर हमीतल्या पहिल्या फटीतूनच मरतं.

हे कसं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘काळजी घेऊ’ या शब्दावर आपल्याकडे पुष्कळ कामं मंजूर होतात.

मासा आपला मळ मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. अमोनिया विष. नदीत तो वाहून जातो, टाक्यात साचतो. टाक्यात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच, आणि दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू फिल्टरमधल्या स्पंजावर, खड्यांवर वस्ती करतात आणि नव्या टाक्यात ती वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना लागतो. दही लावण्यासारखंच आहे. विरजण घातलं म्हणजे लगेच दही मिळत नाही. आता मेळ्याचा हिशेब बघा. महिना अकोल्याला, महिना अमरावतीला, मग यवतमाळ. विरजण लागायच्या आत भांडं उलटायचं. मधल्या काळात ते मासे कशावर जगतात? रोजच्या रोज पाणी बदलण्यावर, म्हणजे टँकरवर. पाकटाला बाकीच्या माशांसारखे खवले नसतात. त्याची उघडी, बुळबुळीत कातडी आणि मोठं अंग यामुळे पाण्यातला बिघाड त्याला आधी लागतो. माशांच्या रोगावर सर्रास वापरलं जाणारं तांब्याचं औषधही शार्क-पाकटांच्या वर्गाला बाधतं.

कायमचं मत्स्यालय असेल तर जिवाणूंची वस्ती बसेल, हे खरं. मग विजेचं बोला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा, पारस वेगळेच. राख आमच्या अंगणात पडते. पण वावरातल्या पंपाला वीज मिळते ती आठ तास आणि तीही किती वाजता येईल ते फिडर ठरवतं. वादळी पावसात गावठाणाची लाइन रात्रभर जाते तेव्हा तक्रार करायलाही कोणी फोन उचलत नाही. टाक्यातल्या पाण्यात हवा ढवळणारा पंप बंद पडला की विरघळलेला ऑक्सिजन उतरायला लागतो. आणि इथं आमचा उन्हाळा आडवा येतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो. म्हणजे पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात श्वास कमी, आणि तापलेल्या माशाला श्वास लागतो जास्त. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा माणसांच्या वॉर्डातले कूलर चालत नाहीत, माशांचं थंड पाण्याचं यंत्र चालेल यावर मी पैज लावणार नाही.

‘जनरेटर बसवू’, असं लगेच कोणी म्हणेल. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात काय नव्हतं? २०१५ च्या जुलै महिन्यात तिथल्या हात लावायच्या कुंडातले ५४ च्या ५४ पाकट एकाच दिवशी गेले. पाण्यातला ऑक्सिजन घसरला. तो पूर्ववत करायला माणसं धावली, तोवर उशीर झाला होता. त्याआधी २००८ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या प्राणिसंग्रहालयात ४० पेक्षा जास्त पाकट असेच मेले होते. ही काही मेळेवाल्यांची ठिकाणं नव्हेत. पगारी पशुवैद्य, चोवीस तास वीज, पाणी मोजायची यंत्रं सगळं हाताशी असलेली ठिकाणं.

उलटा पुरावाही आहे, तो लपवणार नाही. त्याच शिकागो शहरातल्या शेड मत्स्यालयाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितलं की माणसांनी हात लावल्यानं तिथल्या पाकटांच्या तब्येतीवर वाईट परिणाम दिसत नाही, उलट काही पाकट स्वतःहून हातांजवळ येतात. मला हे पटतं. नीट ठेवलेल्या कुंडात, धुतलेल्या दोन बोटांनी, कोणीतरी जवळ उभं राहून शिकवत असेल तर हात लावणं हा गुन्हा नाही. पण शेडमधला निष्कर्ष उचलून आमच्या मेळ्यातल्या टाक्याला चिकटवता येत नाही. आमच्या मेळ्यात हात धुवायला नळ नव्हता. आमच्यातली अर्धी पोरं आदल्या दिवशी कापूस वेचून आलेली. त्या कापसावर काय काय फवारलेलं असतं हे यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलं आहे, वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गमावून. तेच हात त्या टाक्यात. विष टोचणारा कोण आणि टोचून घेणारा कोण, हे पाटीवाल्यानं उलटंच लिहिलं होतं.

काट्याबद्दल मी विचारलं होतं. पोऱ्या म्हणाला, “काट दिया है.” पाकटाच्या शेपटीवरचा करवती काटा नखासारखा छाटतात आणि नखासारखाच तो पुन्हा वाढतो. शेवटचा कधी छाटला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट राहून राहून आठवते. एकानं वीस रुपये दिले, पोऱ्यानं पाकट हातांनी उचलून उलटा धरला आणि सगळी पोरं एकदम हसली. पाकटाची खालची बाजू पांढरी असते, त्यावर दोन भोकं आणि खाली वाकडी रेघ. हुबेहूब हसरा चेहरा. “हासून राह्यलं सर ते!” ती दोन भोकं डोळे नव्हेत, नाकपुड्या. खरे डोळे पलीकडच्या बाजूला, खाली पाहत होते. पाण्याबाहेर काढलेलं, श्वास कोंडलेलं जनावर आम्हाला हसताना दिसत होतं. नंतर चित्रकलेच्या तासाला मी पाकट काढायला सांगितला तर एकतीस वह्यांत तो हसत होता. आता हे मी कसं खोडणार? मुलांनी पाहिलं ते काढलं.

मग पोरांना समुद्र दाखवायचाच नाही का? इथं मला सरकारवर आणि आम्हा शिक्षकांवरही राग काढायचा आहे. मी स्वतः समुद्र पाहिला तो चोविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेलो तेव्हा. चौपाटीवर अर्धा तास नुसता उभा होतो, मुलाखतीला उशीर झाला. तो अर्धा तास माझ्या पोरांना बाराव्या वर्षी मिळावा असं मला वाटतं. पण २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले, आणि तेव्हापासून सहलींचे नियम आवळत गेले. ती दुर्घटना भयंकर होती, नियम हवेतच. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की पाणी दिसणारी कुठलीही जागा म्हटली की वरून परवानगी येत नाही आणि खालून कोणी मागत नाही. आमच्या सहली आता शेगाव, लोणार, फार तर वेरूळ. लोणारला खारं पाणी आहे म्हणा, पण तो समुद्र नाही. अशा रीतीनं आम्ही पोरांना समुद्राकडे नेणं बंद केलं, आणि समुद्र टाक्यात भरून विकणाऱ्याला गिऱ्हाईक तयार करून दिलं.

कोकणातल्या एखाद्या मच्छीमार बंदरावर सकाळी नावा लागतात तेव्हा धक्क्यावर पाकट उलटे-सुलटे पडलेले असतात. मेलेले, हो. पण तिथं पोराला कळेल की हे जनावर कोणाच्या पोटापाण्याशी बांधलेलं आहे, किती मोठं होतं, आणि पाकटाची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते हे तिथली मावशी पोट फाडून दाखवेल. एसटी शालेय सहलीला सवलत देते. मत्स्यालयावर जे कोटी खर्चायचे त्याच्या व्याजात दरवर्षी जिल्हा परिषदेच्या किती शाळा कोकण पाहून येतील याचा हिशेब मागणीवाल्यांनी एकदा मांडावा. मी मांडला नाही, कारण कोटी किती ते अजून कोणी सांगितलेलं नाही. सगळे फक्त बोगद्याची लांबी सांगतात.

बोगद्यावरून आठवलं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, एका पारशी दात्याच्या देणगीवर, मरीन ड्राइव्हला, समुद्राला अगदी लागून. खारं पाणी रस्त्यापलीकडे. २०१५ मध्ये नूतनीकरण करून तिथंही काचेचा बोगदा केला. त्या मत्स्यालयाच्या दारालाही गेली काही वर्षं कुलूप आहे. राजधानीत, समुद्रकाठी, मत्स्यव्यवसाय खात्याच्या नाकासमोर ही गत, तर दर्यापूर-अकोल्याकडे एक लाख लिटरच्या समुद्री टाकीत दर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे साडेतीन टन मीठ कोण कालवत बसणार आहे? साधं मीठही चालत नाही, त्यासाठी वेगळं बनवलेलं क्षारमिश्रण लागतं. आमच्या बोअरचं पाणी वापरा, असं एकानं ग्रुपवर लिहिलं होतं. विनोद होता की सूचना, अजून कळलं नाही.

मला मत्स्यालय हवं आहे. लहान, दोन खोल्यांचं, आणि ज्यांच्यासाठी आमच्याकडे पाणी आहे अशा माशांचं. मरळ घ्या. पाण्यावर येऊन हवा गिळणारा मासा; पिल्लं झाली की आई-बाप दोघंही लालसर पिल्लांच्या झुबक्याखाली पहारा देत फिरतात, जवळ आलेल्याच्या अंगावर जातात. शिंगी घ्या. तिच्या कल्ल्यांमागच्या काट्यात विष असतं; पाकटाचं विष पाहायला वीस रुपये देणाऱ्या पोरांच्या बापांना शिंगीनं कधी ना कधी टोचलेलं असतं. आमच्या गावातले भोईकाका पूर्णेच्या डोहात जाळं टाकतात आणि उन्हाळ्यात नदीपात्रात डांगरवाडी लावतात. काटा लागला की ते सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसतात. गंमत म्हणजे पाकटाच्या काट्यावरही डॉक्टर पहिला इलाज हाच सांगतात, कारण या विषातली प्रथिनं उष्णतेनं मोडतात. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “मंग डाक्टरले इतके पैसे कायले देता?”

हे मासे पंप दोन तास बंद पडला तर मरत नाहीत. मरळ आणि शिंगी तर चिखलातही दिवस काढतात. त्यांना थंड पाण्याचं यंत्र नको, साडेतीन टन मीठ नको. त्यांची काळजी कशी घ्यायची हे सांगणारी माणसं आमच्याच तालुक्यात आहेत आणि त्यांना आजवर कोणी तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं नाही. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात तर जुन्या मालगुजारी तलावांच्या काठी राहणारे ढीवर कोणत्या तलावात कोणता मासा होता आणि कधीपासून दिसेनासा झाला हे सांगू शकतात. मत्स्यालयातली नोकरी आधी अशा माणसांना द्या.

यावर प्रामाणिक आक्षेप एकच आहे आणि तो माझ्याच वर्गातून आला. मी मरळीच्या टाकीची कल्पना मांडली तेव्हा त्या सुपाच्या पोरीनं नाक मुरडलं. “तो तं भाजीतला मासा हाये सर.” तिचं खरं आहे. रोज ताटात दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोणी साठ रुपये देत नाही. लांबचं, अनोळखी, थोडं भीतीदायक असेल त्याची ओढ असते, आणि ती ओढ मुलांमध्ये असलीच पाहिजे. म्हणूनच मी म्हणतो की त्या ओढीला एसटीत बसवा आणि कोकणात न्या. मरळीची टाकी तिथून परत आल्यावर कामी येईल.

राहता राहिले मेळे. ते येणारच, आणि मी बंदीची मागणी करणार नाही, कारण बंदी घातली की तेच टाकं परवानगीशिवाय लागतं. पण मैदान नगरपालिकेचं असतं, वीजजोडणी तात्पुरती मंजूर होते, करमणूक म्हणून कागद फिरतो. त्या कागदावर आजवर आकाशपाळण्याच्या नटबोल्टची तपासणी विचारतात. टाक्यातल्या जनावराबद्दल काहीच विचारत नाहीत. केंद्रानं २०१७ च्या मे महिन्यात शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी आणि टाक्यांसाठी नियम काढले होते. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि काही महिन्यांतच ते मागे घेतले गेले. ते नियम अतिरेकी होते, असं मलाही वाटतं. पण ते गेल्यावर त्या जागी काहीच उरलं नाही. गंगेतल्या पाकटाला २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, वाघाच्या शेजारी. ॲमेझॉन खोऱ्यातले काही पाकट आता आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत. मेळ्यातला ठिपक्यांचा पाकट कोणत्या जातीचा, हे पाटी लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर तो कोणत्या यादीत आहे हे मैदान देणाऱ्या बाबूला कुठून कळणार?

आणि मेळा उठल्यावर ते जातं कुठं? थकलेला, वाढलेला, गाडीत न मावणारा मासा रस्त्यातल्या पहिल्या धरणात सोडून द्यायला कितीसा वेळ लागतो! सिंगापूरच्या जलाशयांमध्ये आज हेच मोटोरो पाकट वंश वाढवून राहतात. ते तिथं पोहत पोहत गेलेले नाहीत. आपल्याकडे टाक्या चाटून साफ करणारा सकरमासा अनेक नद्या-धरणांत असाच शिरला आणि आता जाळी फाडतो. त्यामुळे परवानगीच्या कागदावर जात कोणती, आली कुठून, पुढं जाणार कुठं आणि लाइन गेली तर काय, एवढं तरी विचारलं जावं. मी तसा अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे. येत्या शनिवारी सातवीचा वर्ग पूर्णेच्या काठी जाणार, भोईकाकांचं जाळं ओढलेलं पाहायला. पाण्यापासून वीस पावलं लांब उभं राहायचं, दोरी बांधलेली, दोन पालक सोबत. मुख्याध्यापकांनी तरीही प्रत्येकाच्या घरून लेखी संमती आणायला लावली. सदतीस संमतीपत्रं आली आहेत. एक अडलं आहे, टाक्यातलं पाणी चाखणाऱ्या पोराचं. त्याच्या बापाला मी दोनदा भेटलो. तो म्हणतो, “पाण्यापाशी नेता तं न्या, पण त्याचे हात बांधून न्या सर. ते पोट्टं कायबी तोंडात घालते.”